त्रिशलाचा बेदाणा आणि माझं सॅम्पल

"हा प्रोजेक्ट तुम्ही कुठून घेतला?" असं त्या पुण्याच्या साहेबानं विचारलं आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या मी हातातला स्टेपलर टेबलावर आपटला. घेतला? अरे, ती काय मेथीची जुडी आहे का घ्यायला? दोन हंगाम ती पोर शेडमध्ये बसून एकेका बेदाण्याचा फोटो काढत होती, आणि हा गडी थंडगार खोलीत बसून विचारतो, कुठून घेतला! मला सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

पण असं मधूनच सांगून कुणाला काही कळायचं नाही. नीट सांगतो.

मी धनाजी. मूळचा रहिमतपूरचा. मिल्ट्रीत सतरा वर्षं कारकून होतो, आता सांगली-मिरज रस्त्यावर एका इंजिनिअरिंग कॉलेजसमोर झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान चालवतो. बायको म्हणते, मिल्ट्री सुटली पण तुमचा आवाज काही खाली आला नाही. म्हणू दे.

या दुकानात मी एकोणीस वर्षं पोरांची काळी पुस्तकं बांधतोय. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा, त्याचा रिपोर्ट छापायचा, काळ्या रेक्झिनमध्ये बांधायचा, वर सोनेरी अक्षरात नाव. त्याला सगळे ब्लॅक बुक म्हणतात. त्यातली निम्म्याहून जास्त विकतची असतात, हे या रस्त्यावर चहावाल्यालाही माहीत आहे. मागच्या गल्लीत आकारामचं प्रोजेक्ट सेंटर आहे. तिथं रिपोर्ट मिळतो, कोड मिळतो, तोंडी परीक्षेची उत्तरंसुद्धा पाठ करून घेतात. दरवर्षी तेच ते प्रोजेक्ट. कॉम्प्युटरनं चेहरा ओळखून हजेरी लावायची, नाहीतर घराच्या किमतीचा अंदाज करायचा. कव्हरवरची नावं तेवढी बदलतात. एकदा एक पोरगं मलाच विचारतंय, "काका, माझ्या प्रोजेक्टचं नाव काय हाय ओ?" मी हसलो आणि त्याची सोनेरी अक्षरं उमटवून दिली. माझं घर त्यावर चालतं, खोटं कशाला बोलू?

त्रिशला मगदूम त्या कॉलेजची नव्हेच. ती साधी बी.एस्सी. मिरजेच्या पुढच्या एका गावातनं एसटीनं यायची. वडील महावीर मगदूम, घरची एकरभर द्राक्षबाग. आई सुलोचनाबाई, फेब्रुवारी ते मे दुसऱ्याच्या शेडवर बेदाणा निवडायला जातात. पोरगी बारीक, चष्म्याची, बोलायला तुटक. दुपारी बाराला यायची, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसायची आणि साडेपाचला उठायची, कारण घर जैन, दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं. घरी नेट चालत नव्हतं, म्हणून माझ्या दुकानात.

पहिल्या दिवशी मी बघितलं तर पडद्यावर नुसते बेदाणे. शे-दोनशे बेदाणे.

"काय गं, बेदाणा मोजून नोकरी लागती व्हय?" मी आपली चेष्टा केली.

"मोजत न्हाई काका. शिकवतोय."

आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, त्यात काही नवल नाही.

"कुणाला शिकवतीस?"

"मशीनला. फोटो बघून सांगायचं, हिरवा का पिवळा, चांगला का टाकाऊ."

मग हळूहळू कळत गेलं. तिला मशीन लर्निंगमध्ये नोकरी पाहिजे होती. मशीनला हजारो उदाहरणं दाखवून शहाणं करायचं, असलं ते काम. तिच्या कॉलेजात कंपन्या फिरकत नाहीत. "मार्क कोण बघत न्हाई काका," ती म्हणायची, "सोताचं काय केलंय ते दाखवा म्हणत्यात." तर ही बया स्वतःचं करायला बसली. सुलोचनाबाई पांढऱ्या ताटात एकेक बेदाणा ठेवायच्या आणि त्याची जात सांगायच्या. हिरवा. पिवळा. काळपट. देठाचा. ही फोटो काढायची आणि लिहून घ्यायची. असे अकरा हजार. तुम्ही-आम्ही अकरा हजार बेदाणे खाल्लेसुद्धा नसतील नीट बघून.

एकदा मी विचारलं, "आगं, मशीन शिकलं तर तुझी आई काय करंल?"

ती टाइप करायची थांबली. "आईला आता बारीक दिसत न्हाई काका. तीच म्हणती, माझे डोळे जायच्या आधी त्यातलं काय हाय ते काढून ठेव."

त्यानंतर मी चेष्टा केली नाही. एकोणीस वर्षांत माझ्या दुकानात पहिल्यांदा कुणीतरी खरोखरचं काहीतरी करत होतं, आणि ते माझ्या खिडकीजवळ चाललं होतं, याचा मला लय अभिमान वाटायला लागला. येईल त्या गिऱ्हाइकाला मी दाखवायचो. ती वैतागायची.

फेब्रुवारीत तिनं चाळीस पानांचा रिपोर्ट केला, मुलाखतीला दाखवायला. मीच तो नीट बसवून दिला, समास, अनुक्रमणिका, फोटो, सगळं. शेवटच्या पानावर तिच्या सगळ्या फोटोंचा आणि कोडचा इंटरनेटवरचा पत्ता. तो पत्ता ज्याच्याकडं असेल त्याला सगळं उघडता येतं, असं ती म्हणाली होती. मी हं म्हणालो होतो. नुसतं हं.

आता तिच्या वडिलांचं ऐका. महावीर माणूस वाईट नाही. पोरगी पदवी घेऊन वर्षभर बेदाण्याचे फोटो काढतेय म्हटल्यावर कुठला बाप गप्प बसेल? त्यांनी मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात शब्द टाकला. केसपेपरच्या काउंटरवर एक जागा होती, एक जूनपासून. दुकानात येऊन माझ्यासमोरच तिला म्हणाले, "त्येच्या आत तुझं पुण्याचं जमलं तर मी सोता सामान घिऊन सोडाय येतो. न्हाई जमलं तर एक तारखेला काउंटरवर बसायचं. डॉक्टरांना शब्द दिलाय बाळ, मला तोंडघशी पाडू नको."

"पाडत न्हाई आप्पा," ती म्हणाली. झालं. एक जूनच्या आत नोकरी, नाहीतर केसपेपर.

अर्ज पन्नास केले असतील. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. पुण्याची एक कंपनी, धान्य-फळांची प्रतवारी मशीननं करणारी. म्हणजे तिच्यासाठीच बसलेली जणू! चौदा मेला मुलाखत, व्हिडिओवर. मी आतली खोली रिकामी केली, पंखा आवाज करतो म्हणून बंद केला, दोन झेरॉक्सची गिऱ्हाइकं बाहेर उभी ठेवली आणि मी दाराशी पहारा दिला.

साहेबानं नाव विचारलं, गाव विचारलं. ती "मी बेदाण्यावर काम करतो" म्हणाली तसा तो हसला आणि मग तो प्रश्न टाकला. कुठून घेतला?

"सर, मी स्वतः केलाय."

"मॅडम, सांगलीहून आलेला हा चौथा बेदाणा आहे. फोटोसुद्धा तेच. निदान फोटो तरी बदलायचे."

मला दारातनं तिचा फक्त कान दिसत होता. तो लालभडक झाला.

"सर, फोटोंच्या तारखा बघा."

"तारखा बदलता येतात."

"मग काहीही विचारा. कुठलाही फोटो दाखवा, मी सांगतो तो का घेतला."

"वेळ नाही. पुढचा उमेदवार थांबलाय. प्रामाणिकपणे काम करा, एवढंच सांगेन." आणि पडदा काळा.

अकरा मिनिटं. दोन हंगामांना अकरा मिनिटं, आणि वर प्रामाणिकपणाचा उपदेश! एक प्रश्न विचारला नाही कामावर. एक नाही! सुभेदारसुद्धा जवानाला शिक्षा करायच्या आधी बाजू विचारतो. ती उठली, इअरफोनची वायर गुंडाळली आणि म्हणाली, "मी जातो काका. अडीचची गाडी मिळंल." डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

चार दिवस मी येईल त्याच्यावर ओरडत होतो. कंपनीवर, पुण्यावर, कॉम्प्युटरवर. बायकोनं चहासुद्धा लांबूनच ठेवला. ते तीन बेदाणे कुणाचे, या प्रश्नानं मला खाऊन टाकलं होतं. कुणीतरी चोरलं होतं. सापडू दे, म्हटलं, त्याची रस्त्यावर वरात काढतो.

पाचव्या दिवशी अतिशय नावाचं एक पोरगं ब्लॅक बुक बांधायला घेऊन आलं. मी पानं जुळवत होतो. बाविसाव्या पानावर माझा हात थांबला. पांढरं ताट, मध्ये एक बेदाणा, आणि ताटाच्या कडेला दोन बोटं, नखं चिकटपणानं काळी पडलेली. फेब्रुवारीत तो फोटो बसवताना मी ती बोटं कापायला निघालो होतो. त्रिशला म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या काका, आईचा हात हाय." सुलोचनाबाईंचा हात या पोराच्या पुस्तकात काय करत होता?

"कुठनं आणलंस हे?" मी ओरडलो. पोरगं दोन पावलं मागं सरलं.

"सेंटरमधनं काका. औंदा बेदाणाच चाललाय. आमी सहा जणांनी घेतलाय."

मी शटर अर्धं ओढलं आणि तसाच आकारामकडं गेलो. तोंडाला येईल ते बोललो. आकाराम शांतपणे ऐकून घेत होता, कारण त्याला पुढचं माहीत होतं.

"माझ्यावर कशापायी ओरडताय काका? मला त्या कॉलेजातल्या धैर्यशीलनं आणून दिला. माझा धंदा हाय, मी विकला. आणि त्याला कुणी दिला ते इचारा की. ही बघा फाइल." त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. फाइलला माझ्या दुकानाचं नाव होतं. मी प्रत्येक फाइलला देतो. मिल्ट्रीची सवय.

आता हे सांगायला जीभ जड होते, पण सांगतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पोरगं येतं, म्हणतं, काका, रिपोर्ट कसा असतो ते बघायला एक सॅम्पल द्या. मग आम्ही कुणाचा तरी जुना रिपोर्ट त्याच्या पेनड्राइव्हवर टाकून देतो. समास किती, अनुक्रमणिका कशी, बघून घे म्हणतो. या रस्त्यावरचे सगळे दुकानदार देतात. ज्याचा रिपोर्ट त्याला विचारायचं असतं हे एकोणीस वर्षांत माझ्या मनातही आलं नाही. विकत घेतलेल्या रिपोर्टाला विचारायचं काय, आणि कुणाला?

मार्चमध्ये धैर्यशील आला होता. चांगलं पोरगं, नमस्कार करणारं. त्यानं सॅम्पल मागितलं. माझ्याकडं शंभर रिपोर्ट पडलेले. पण मला मिरवायची हौस! "घे," म्हटलं, "बघ, प्रोजेक्ट म्हणजे काय असतो ते!" आणि त्रिशलाचा रिपोर्ट त्याला दिला. शेवटच्या पानासकट.

चोर शोधत होतो ना मी? सापडला. दुकानात येऊन स्टुलावर बसलो आणि माझीच मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून तिच्या गावी गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एका दमात, नाहीतर सांगितलं नसतं. तिनं हातातला टॉवेल पिळला, परत पिळला. पाणी कधीच संपलं होतं.

"तुमी मला इचारलं असतं काका," ती म्हणाली, "तर मीच दिला असता त्येला. बसून शिकवला पण असता."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरी, माझं चुकलं."

"मला काय सांगताय? आईला सांगा. निवड तिची हाय."

तीच मला शेडवर घेऊन गेली. शेड गावाबाहेर, सभोवती हिरवी जाळी. दहा-बारा बायका खाली बसून बेदाणा निवडत होत्या. मी मिल्ट्रीत वरिष्ठांसमोर उभा राहिलोय, पण त्या दिवशीसारखा कधी उभा राहिलो नाही. सुलोचनाबाईंना प्रोजेक्ट, कोड, लिंक यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगत होतो आणि त्यांचे हात चालूच होते. मग थांबले.

"म्हंजे माझ्या डोळ्यावर ती सहा पोरं पास व्हणार?"

"व्हय."

"आन माझी लेक तेवढी चोर?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"मग हितं काय करताय?" त्या म्हणाल्या, आवाज जराही न चढवता. "त्या सायबाला सांगा जावा की."

चार दिवस गावभर ओरडत हिंडलेल्या माणसाला ही एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. मी तिथंच जाळीला टेकून त्रिशलाच्या फोनवर पत्र लिहिलं. हा प्रोजेक्ट या मुलीचाच आहे. तो मी, धनाजी, तिला न विचारता दुसऱ्याला दिला. त्यानं तो पुढं विकला. दोष माझा आहे. खाली दुकानाचा पत्ता, माझा नंबर, मिल्ट्रीतला नंबरसुद्धा. तेच पत्र कॉलेजलाही पाठवलं. त्याचा परिणाम असा झाला की या हंगामात माझ्याकडं बाइंडिंगला एक पोरगं फिरकलं नाही. तक्रार नाही माझी. सहाच्या सहा पास मात्र झाली.

एकोणतीस मेला साहेबाचा फोन आला. आधी माझी उलटतपासणी घेतली, मग म्हणाला, मुलीला जोडून घ्या. घेतली.

"मॅडम, एकच प्रश्न," तो म्हणाला. "तुमचं मशीन चुकतं कुठं?"

"चारनंतर," त्रिशला लगेच म्हणाली. "शेडला हिरवी जाळी असती सर. ऊन उतरलं की त्यातनं येणारा उजेड हिरवा पडतो आणि पिवळा बेदाणा हिरवा दिसतो. मशीन फसतं. आई फसत न्हाई, ती बेदाणा सावलीत धरून बघती. म्हणून मी नंतर प्रत्येक ताटात एक राखाडी कागद ठेवला, उजेडाचा रंग वजा करायला. पहिल्या तीन हजार फोटोंत तो कागद न्हाई. तिथं अजून चुकतं."

पलीकडं कीबोर्डवर काहीतरी टाइप झालं.

"बाकीच्या कुणालाच हे सांगता आलं नसतं," साहेब शेवटी म्हणाला. "मी आधीच विचारायला हवं होतं."

ते ऐकून मी स्टुलावरनं उठलोच. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "पण ती जागा आम्ही मागच्या आठवड्यात भरली. तुमच्या सांगलीचाच मुलगा आहे, पहिला बेदाणा त्याचाच आला होता. धैर्यशील."

"आवं मग काढा की त्याला!" मी ओरडलो. "तुमच्या तोंडानं तुमी आत्ता काय बोललात?"

"काका, त्याचं नेमणुकीचं पत्र निघालंय. कंपनीचे नियम असतात. मॅडमचा अर्ज आम्ही जपून ठेवू."

जपून ठेवू! कुठं, लोणच्याच्या बरणीत? मी अजून बरंच बोललो असतो, पण त्रिशला म्हणाली, "थँक यू सर," आणि फोन ठेवला. एक जूनला ती केसपेपरच्या काउंटरवर बसली. बापाचा शब्द पाळला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी डोळे तपासायला म्हणून त्या दवाखान्यात गेलो. खरं म्हणजे तिला बघायला गेलो. रांगेत माझ्या पुढं एक माणूस, पांढरी टोपी, सोबत म्हातारी आई, हातात पेढ्यांचा पुडा. नाव नानासो. काउंटरवर पोचल्यावर त्यानं पुडा आत सरकवला.

"घे पोरी, पेढा घे. आमच्या धैर्यशीलला पुण्यात नोकरी लागली. मशीनला बेदाणा निवडायला शिकीवलं म्हणं त्यानं."

त्रिशलानं पेढा घेतला. "व्हय? कुठल्या शेडवर शिकवलं ओ?"

"आता ते मला काय ठावं बाई. आमचा ऊस हाय. बेदाणा कुटला आमच्यात?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. दवाखाना आहे, आवाज करू नये, सगळं कळत होतं. तरी बोललो. "नानासो, बेदाणा हिचा हाय. ह्या पोरीचा आणि तिच्या आईचा. मी तो तुमच्या पोराला दिला आणि त्यानं सोताचा म्हणून खपवला. नोकरी हिची हाय, पेढा हिचाच हाय आणि तुमी तिलाच वाटताय." पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, पूर्ण रांगेला ऐकू जाईल असं. नानासोचा चेहरा उतरत गेला. तो खोटा माणूस नव्हता, हे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. त्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"खरं हाय काय गं हे, पोरी?"

त्रिशलानं पेढा बाजूला कागदावर ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि कीबोर्ड पुढं ओढला.

"आजींचा कुठला डोळा दाखवायचा हाय?" तिनं विचारलं. "डावा का उजवा?"

नानासोला काही केल्या आठवेना. शेवटी म्हातारीच म्हणाली, उजवा, आणि त्रिशलानं तसं लिहून घेतलं.